घट

माझा बाप म्हापशाच्या पेठेत सोनं पारखायचा.
कसोटीवर एक रेघ, ओठांतल्या ओठांत हिशेब,
आणि समोरच्या बाईकडे न बघता म्हणायचा,
“घट वजा.”

मी मडगावात जुन्या बंदुका पारखतो.
इथे घासायचं नसतं.
गंज असेल तर असू दे,
लाकूड काळवंडलं असेल तर त्याचेच पैसे.
लोकांना हे पटत नाही.
विकायला आणायच्या आदल्या रात्री
चिंच आणि राख लावून लख्ख करतात,
आणि सकाळी अर्धी किंमत मोरीत वाहून गेलेली असते.

एर्मेलिंदा बार्रेटो लोटलीहून आली,
बंदूक जुन्या चादरीत, चादर पिशवीत,
परवाने प्लास्टिकच्या फायलीत.
दुनळी. लिएजचा छाप.
मी चष्मा पुसला.

“आता देऊ, की दहा वर्षं ठेवू?” तिने विचारलं,
जसं मुदत ठेवीबद्दल विचारावं.

मी सांगितलं, बाई, वाढते ती न वापरलेली.
जी पेटीतून निघाली नाही,
जिने एकही काडतूस पाहिलं नाही,
तिला वर्षागणिक भाव.
तुमची फार जगली आहे.

मग बोट फिरवत घट धरत गेलो.
नळी घासलेली: “दर फेस्ताला, पपा स्वतः.”
कारागिराचं नाव त्यातच पुसट झालेलं.
चापाच्या कडीवर तारेचे ओरखडे, मी नऊ मोजले.
“निवडणुका,” ती म्हणाली.
दर वेळी मायणा-कुडतरी ठाण्यात जमा करायची,
शिपाई पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेने आवळायचा.
नऊ सरकारं, नऊ रेघा.
कुठल्या सरकारची कुठली, ते तिलाही सांगता आलं नाही.

आणि दस्ता.
दस्ता दोन इंच कापलेला, करवतीने, तिरका.
इथे मात्र मी पेन खाली ठेवलं.
हे कोणी केलं?

“पपांनी. मी अकरा वर्षांची होते.
ते बोटीवर जायचे, कणगांच्या मळ्यात डुकरं यायची.
मला खांद्याला लागत नव्हती.”

त्या दोन इंचांचे मी चाळीस हजार वजा केले.

पोर्तुगीज अमदानीतला परवाना मात्र शाबूत होता,
चोपन्न सालचा, मुद्रांकासकट, कसर न लागलेला.
त्याचे सहा हजार अधिक.
तिला हसू आलं. कागद बंदुकीपेक्षा शहाणा निघाला, म्हणाली.

मी विचारलं, कापलेला तुकडा आहे का?
तोच असेल तर जोडता येतो,
त्याच झाडाचा, रेषेला रेषा.
निम्मी घट भरून निघेल.

“आहे ना. सायबिणीच्या मेजाखाली.
मेजाचा एक पाय आखूड,
तेव्हापासून तिथेच आहे तो.”

ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली.
मीही काही बोललो नाही.
बाहेर कोणीतरी स्कूटर रिव्हर्स घेत होतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “मेज हलेल.”
आणि मी लिहिलेल्या आकड्याखाली
सही केली, पूर्ण नाव, सावकाश.
चादर घडी करून परत नेली.

याला सहा वर्षं झाली.
माझ्या वहीत तिचा भाव दर एप्रिलला
थोडा वर सरकतो, पेन्सिलीने.
पुण्याचे येतात, बेळगावचे येतात,
नळीतून उजेड बघतात, वा म्हणतात,
मग खांद्याला लावतात
आणि मान जरा चुकल्यासारखी करून खाली ठेवतात:
आखूड आहे.

आहेच.
अकरा वर्षांच्या खांद्याच्या मापाची ती,
आणि त्या मापाला परवाना मिळत नाही.

मी कपाटाला कुलूप लावतो. पुसत नाही.